खुदवाई

खिडकीखाली माही चूल,
खिडकीच्या आत मोबीन सर.
उर्दू शायेच्या फयावर तीन शब्द:
पकना, पकाना, पकवाना.
पोट्टे घोकते. मी फोडणी देते.

भात पकतो, त्याले कोणी लागत नाई,
असं व्याकरण म्हंते.
व्याकरणानं कधी ओली तुराटी फुकली नसंन.
पकाना म्हंजे मी.
पकवाना म्हंजे हेडमास्तर, त्याइच्या वर पंचायत समिती,
अन् त्याच्याबी वर कोण, थे फयावर मावत नाई.

सर म्हणे, कौतिकाबाई, तुमच्यातबी हाय की,
शिजणे, शिजवणे...
अन् तिसरं?
सरानं खडू झटकला. "शिजवून घेणे."
म्हंजे आमच्यात तिसऱ्याले दोन शब्द लागते,
त्यातला एक 'घेणे'.
घेणारा मंग लपत नाई.

सोयाबीनच्या वक्ताले पंजाबचं हार्वेस्टर आलं.
जगसीर डायवर आमच्या हापशीवर क्यान भरे.
पोट्ट्याइनं त्यालेच धरलं, तुमच्यात कसं?
थो हासला, बोटं मोडली:
वड्ढणा, वढाउणा, वढवाउणा.
वड्ढते मशीन, वढवाउंदा मालक.
अन् मंधातला?
त्यानं सोताच्या छातीवर हात ठेवला.
सदऱ्यावर ग्रीसची पाच बोटं उमटली.

शायेमागं, मोर्णेच्या अंगाले, एक बारव हाय.
तिच्या दगडावरचं आमच्या वस्तीत कोणाले वाचता येत नोयतं.
चौथीतल्या सानियानं बोट फिरवत वाचलं,
"ये बावली..." मंग शेवाय, मंग "...ने खुदवाई."
नाव गेलं होतं.
खुदवाई तेवढं राह्यलं.

आम्ही वडार. माय सांगे,
आपल्या आज्याच्या आज्याचं एक बोट
त्या बारवेत हाय, सुरुंगाखाली गेलेलं.
म्या इचारलं, सर, खोदलं कोणं,
थे कुठी लिवलं हाय?

सर उकिडवे बसले.
"इसी में है, बाई. ये जो बीच में 'वा' है ना."
म्या वाकून पायलं:
एक वाकलेलं अक्षर,
अन् त्याच्या डाव्या हाताले
काठीवानी एक उभं.
वाकलेलं म्या लगेच वयखलं.

तवर इकडे खिचडीचा वास सुटला.
हेडमास्तर वरांड्यातून वरडले, बाई, भात कसा काय लागला?
लागला नाई सर, म्हटलं,
म्याच लावला.