दगड आढळला नाही

दिवाडीला मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार,
भरतीच्या दाबानं मिटणारं,
ओहोटीला आपसूक उघडणारं.
त्याला पगार नाही, शिपाई नाही.
पलीकडे नदीचं खारं, अलीकडे कोरगूट भात,
मध्ये दोन फळ्या.

आणि एक वही. ती माझ्याकडे.
चौतीस वर्षं कोमुनिदादीचा कारकून मी.
मासळीची पावणी, बांधाची डागडुजी,
कुणाच्या रेड्यानं कुठला कोपरा तुडवला, दंड किती.
माझ्याआधीचं सगळं पोर्तुगीजमध्ये,
त्यातले मला आकडे तेवढे कळत.

एका वर्षी पावणी शाणू कंत्राटदारानं घेतली.
बोली तिप्पट. सभेनं टाळ्या वाजवल्या, मीही.
पावसाळा सरला तसा रात्री
दाराच्या फटीत दगड आला.
दार मिटेना.
खारं आत आलं, खाऱ्याबरोबर सुंगटं.
सुंगटं शाणूची. मीठ सगळ्यांचं.

पिएदाद आली ऑफिसात, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
"क्लेर्क, भात पिवळं पडलंय. पाणी चाखून बघ."
मी चाखलं नाही, पण बांधावर गेलो.
दगड पाहिला. शेवाळ धरलेला, चांगला बसलेला.
घरी परतलो तर ओट्यावर टोपली,
केळीच्या पानाखाली सुंगटं अजून मिशा हलवत होती.
त्या संध्याकाळी वहीत लिहिलं:
पाहणी केली. दगड आढळला नाही.

अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.

पिएदादनं अर्ज केला. मामलेदारानं वही मागवली.
वहीत दगड नव्हता.
मग तारखा. फेरीबोट, पणजी, बाकडं, फेरीबोट.
खाजनात कांदळ उगवली, त्यावर बगळे बसले,
कागदावर आजही तिथं भातशेती आहे.

तिचा मुलगा आन्सेल्म.
त्याला धक्क्याजवळ बर्फाचा कारखाना घालायचा होता.
ना-हरकत दाखले अकरा. दहा मिळवले त्यानं,
प्रत्येक ठिकाणी कुणाचा तरी कुणी तरी गाठून.
अकराव्याला एक-चौदाचा उतारा लागला
आणि उताऱ्यात निघाले त्रेचाळीस वारस,
निम्मे लिस्बनला, सहा नैरोबीला, बरेचसे वारलेले.
तो स्विंडनला गेला.

परवा त्याचा फोन.
"अंकल, व्हॅनचा परवाना मिळाला. चार दिवसांत.
खिडकीतल्या बाईनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.
मी कोण, कुणाचा, काही विचारलं नाही."
मी म्हटलं, वाईट वाटलं असेल.
तो हसला. "नाही हो. म्हणून तर झालं."

रात्री टीव्हीवर देशांची क्रमवारी,
कोण किती मोकळा, कोण किती श्रीमंत.
एक म्हणे सोडून द्या बाजाराला,
दुसरा म्हणे लगाम हवा. आवाज चढले.
मला आपलं दार दिसत राहिलं,
तोंड न बघता मिटणारं, तोंड न बघता उघडणारं,
आणि त्याच्या फटीत
माझं सुवाच्य अक्षर.

गेल्या अमावास्येच्या ओहोटीला टॉर्च घेऊन गेलो.
गुडघे कुरकुरले. खांद्यापर्यंत हात घातला.
दगड निघाला. त्याच्याबरोबर
फळीही निघाली, कुजलेली, हातात चुरा.
आता मिटायला दारच नाही.

दगड घरी आणला. पिएदादला बोलावलं.
काय बोलायचं ते ठरवलं होतं, जमलं नाही.
ती बराच वेळ बघत बसली,
मग नारळ पारखावा तसा दोन्ही हातांत घेऊन
थोडा वरखाली केला.

"एवढाच होता?" म्हणाली.