पांढऱ्यावर काळं

माझ्या पणजीचा बाप रस्त्यावरचे कागद वेचायचा.
कुठलेही नव्हेत, अक्षर असलेलेच.
मिठाची पुडी, फाटकं पंचांग, सावकाराची चिठ्ठी,
लागू न पडलेल्या औषधाचा कागद.
पाठीला बांबूची टोपली, हातात चिमटा.
गावाबाहेर विटांचा एक बुटका मनोरा होता,
त्याच्या खिडकीएवढ्या तोंडात तो अक्षरं जाळायचा, वाकून,
आणि राख मडक्यात भरून शिनआन नदीत सोडायचा.
अक्षर पायदळी आलं की डोळे जातात, असं लोक म्हणत.
त्याला सगळे म्याओ म्हणत.
त्याला वाचता येत नव्हतं.
नमस्काराला वाचता यावं लागत नाही.

वरच्या आळीत दोऊ गुरुजी.
नानजिंगच्या परीक्षेला अकरा वेळा जाऊन आलेले.
तिथे दोन फळ्यांची कोठडी: दिवसा एक मेज, एक बाक,
रात्री दोन्ही मिळून खाट, पाय दुमडून.
नऊ दिवस. तांदळाच्या वड्या, मेणबत्त्या,
गळत्या छपराखाली शाईवर धरलेली बाही.
गुरुजी आठ पायांचा निबंध लिहीत,
आठ पाय असूनही तो कधी कुठे चालत गेला नाही.
आठव्या खेपेला शेजारच्या कोठडीतला माणूस रात्रीत गेला.
परीक्षा संपेपर्यंत दार उघडायचं नाही, असा नियम,
म्हणून प्रेत भिंतीवरून बाहेर दिलं.
हे सांगताना गुरुजी थांबत नसत.
लगेच पुढचं वाक्य:
"त्या वर्षी विषय सोपा आला होता."

यिनलान, माझी पणजी, तेव्हा दहा वर्षांची.
बांधलेले पाय लांब करून अंगणात बसायची,
बापाची टोपली निवडायची, तांदूळ निवडावा तशी.
पहिला शब्द शिकली तो मिठाच्या पुडीवरचा.
दुसरा, कर्ज.
तिसरा अर्धाच होता, उरलेला फाटून गेलेला.
तो घेऊन ती भिंत धरत धरत गुरुजींकडे गेली.
गुरुजींनी कागद उजेडात धरला, परत दिला.
"हे परीक्षेत येत नाही."

मग एका शरद ऋतूत भिंतीवर फर्मान लागलं:
परीक्षा बंद. तेराशे वर्षांची, एका कागदावर.
दोऊ गुरुजींनी ते उभ्यानं वाचलं,
मग पुन्हा वाचलं, चुका शोधत असल्यासारखं.
त्यानंतर ते घराबाहेर दिसले नाहीत.
महिन्याभरानं पावसानं फर्मान सुटलं, चिखलात पडलं.
म्याओनं उचललं, पुसलं,
मिठाच्या पुडीशेजारी ठेवून जाळलं.
अक्षर ते अक्षर.

मी बारावीला भाषा शिकवते. वर्गात एकाहत्तर मुलं.
फळ्याच्या कोपऱ्यात उरलेल्या दिवसांचा आकडा,
तो रोज पुसायचं काम हुशार मुलाला.
गाओखाओच्या आदल्या रात्री चौथ्या मजल्यावरून
पोरांनी पुस्तकं फाडून खाली सोडली.
जूनमध्ये बर्फ. सगळे ओरडत होते,
मीही हसले, दरवर्षी हसते.

सकाळी सफाईवाल्या लूआन मावशी ढीग करत होत्या.
माझ्या बुटाखाली एक तुकडा आला,
आणि का कोण जाणे, मी पाय मागे घेतला.
भूगोलाचं अर्धं पान. निळ्या रेघेशेजारी पेन्सिलीनं:
ही नदी आपल्याकडून काय काय घेऊन जाते, हे कोण
पुढे फाटलेलं.
अक्षर ओळखीचं, चौथ्या बाकावरच्या फू वानथिंगचं.
मार्चमध्ये तिनं हात वर करून काहीतरी विचारलं होतं.
काय, ते आठवत नाही.
मी काय म्हणाले, ते आठवतं.

मी ढिगापाशी खाली बसले.
कागद उलटे, सुलटे, ओले.
मावशी झाडू टेकून बघत राहिल्या.
"मॅडम, काही महत्त्वाचं होतं का?"
मला सांगता येईना.
मी उरलेला अर्धा शोधत होते.