बेचाळीस सेकंद

न्हाणीघराची कडी मी मंगळवारी काढली.
चार स्क्रू, चार भोकं.
भोकांत साबणाचा चुरा भरला,
म्हणजे बोट घालून ते विचारणार नाहीत
इथे काय होतं.

गॅसची कळ रात्री माझ्या उशाशी असते.
फिनेल माळ्यावर. विळी दक्षाबेनकडे,
भाजी तिथेच चिरून आणते.
ती काही विचारत नाही,
फक्त म्हणते, चा पीने जजे.

दारातलं काळं पायपुसणं उचललं.
तीन दिवस ते भिंत धरून, श्वास धरून
त्याच्या कडेकडेने जात होते,
विहिरीच्या काठाने जावं तसे.
मला ते पायपुसणं वाटत होतं.

बाबा म्हणजे कारखानीस साहेब.
खताच्या कंपनीत एकतीस वर्षं, सुरक्षा विभाग.
दिवाळीत आमच्याकडे पणत्यांच्या आधी
वाळूच्या दोन बादल्या यायच्या.
मला आणि वासंतीला झोपेतून उठवून
हातात घड्याळ धरून फाटकापर्यंत पळवायचे.
बेचाळीस सेकंद.
"जळालात," म्हणायचे,
आणि रविवारी सेवउसळ खायला न्यायचे,
जळालेल्यांना.

त्यांच्याच पेटीत पिवळ्या-काळ्या पट्टीचं रीळ सापडलं.
जिन्याच्या कडांना लावली,
दातांनी तोडली, त्यांच्यासारखी.
खालच्या पायरीवर एक टोक धरेना.

पण खरं दार ते बाहेरचं.
मांजलपूरच्या या घरातून ते दोनदा गेले.
एकदा अलकापुरीच्या गरनाळ्यात सापडले,
एकदा विश्वामित्रीच्या पुलावर,
कठड्याला टेकून मगरी मोजताना.
रिक्षावाल्याला सांगत होते,
दोन हजर आहेत, तिसरी कामावर आलेली नाही.
तिथे मी हसले.
घरी आल्यावर हात कापायला लागले.

वासंती कॅनडातून म्हणते, कॅमेरा लाव.
मी कडी लावली, दाराच्या पार वर,
कडीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात.

परवा रात्री अडीच वाजता
बाबा टाचा उंचावून दारापाशी उभे.
पायजमा, आणि मनगटावर घड्याळ.
"हे कुणी लावलं?"
आवाज तो, कंपनीतला.
मी म्हटलं, मी.
"नाव?"
सांगितलं.
हजेरीपटावर नसलेलं नाव ऐकावं तसं ऐकलं.
"आत माणसं किती?"
दोन.
"धूर झाला तर किल्ली शोधत बसणार?
बाहेरून कुणी आलं तर त्याने काय करायचं, बाई?"

मी गळ्याशी हात नेला.
त्यांना बाहेर जाऊ द्यायचं नाही
एवढंच मी मोजलं होतं.

सकाळी सुतार बोलावला.
कुलूप गेलं. कडी आता खाली, उंबऱ्याजवळ,
त्यांची नजर जात नाही तिथे,
माझ्या पायाचा अंगठा अंधारातही जातो.
दार उघडलं की वाजणारी घंटी.
मागच्या दाराची किल्ली दक्षाबेनच्या देव्हाऱ्यात.

मग घड्याळ लावलं.
त्यांच्या खाटेपासून, त्यांचा हात धरून, फाटकापर्यंत.
मध्येच थांबले, चपला हव्यात म्हणाले,
चपला घातल्यावर म्हणाले, या माझ्या नव्हेत.
एक मिनिट पन्नास.
"जळालो, बाबा," मी म्हटलं.
"कोण?" त्यांनी काळजीने विचारलं.

दुपारी उठल्यावर त्यांना सगळं दाखवलं.
रात्रीचं काही त्यांच्याकडे नव्हतं.
घर चांगलं आहे, म्हणाले, भाडं किती?
मग खालच्या पायरीवर बसले
आणि पट्टीचं ते सुटलेलं टोक
अंगठ्याने दाबून धरलं.

ताट वाढलं होतं. वरण निवलं.
मी हाक मारली नाही.
"थांब जरा," ते म्हणाले,
"चिकटू दे.
इथून पोरी पळतात."