सू

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये देवमासा अजून आहे.
करजणच्या टोलनाक्यापासून मी मुलांना सांगत आणलं होतं:
एवढा मोठा, की त्याच्या बरगड्यांत
आपलं पनवेलचं घर मावेल, बाल्कनीसकट.
बाबा म्हणायचे, रात्री शिपाई कुलूप लावून गेला
की हा उतरतो, विश्वामित्रीवर जाऊन पाणी पितो,
मगरी अंग चोरून वाट देतात त्याला.
मी हे बरीच वर्षं खरं धरून चालले होते,
वर्गात एकदा बोलून बसले तोवर.

शाल्मलीनं त्याला चार मिनिटं दिली.
मग शेपटीकडे बोट करून म्हणाली,
आई, यांना आधी पाय होते. जमिनीवर राहायचे.
नंतर परत पाण्यात गेले.
का गेले?
ते पुस्तकात नव्हतं, म्हणाली.

विहंगला बागेतली छोटी गाडी हवी होती, ती बंद.
म्हणून सेव-उसळ. त्यानं हट्टानं वरून तरी घेतली,
आणि मग दोन ग्लास ताक, माझी पाण्याची बाटली,
शाल्मलीची बाटली.

दांडिया बाजारात गाडी लावायला जागा नाही.
मी म्हणाले, फक्त बाहेरून बघू, दोन मिनिटं.
खाली रणछोडभाईंचं बाइंडिंगचं दुकान होतं,
त्यांच्या खळीचा वास आमच्या दोन खोल्यांत राहायचा,
आमटीला, गणवेशाला, बाबांच्या मफलरला.
आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.
जिना तोच. तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा उंच.
माझ्या पायाला ती माझ्याआधी आठवली.

मी चढले कशाला, मला माहीत नाही.
दार उघडंच होतं. एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.
आणि माझ्या मागून, दोन्ही गुडघे जुळवून, विहंग:
'सू.'
'शुं?' ती म्हणाली.
'सू!'
'शुं, बेटा?'
मग तिला कळलं. हसली, शेंगा मांडीवरून सारल्या,
आवो, आवो, म्हणत त्याला हाताला धरून
आत घेऊन गेली.

मी उंबऱ्याबाहेर, त्याच्या बुटांशेजारी.
सांगता आलं असतं, इथं आम्ही राहायचो.
पण जेवढी गुजराती आठवली
तिच्यात सगळं 'हतुं' होतं,
आणि पडदा नवा होता, निळा,
त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

विहंग आला. ओले हात माझ्या कुर्त्याला पुसले.
आत काय आहे रे?
बाथरूम.
आणि?
वर एक खिडकी आहे. मी बादलीवर चढून बघितलं.
कशाला?
असंच.
काय दिसलं?
पत्रा. मांजर.

पाचवीत, गणितात, पंचवीसपैकी चार.
सही आणायची होती.
मी पण बादलीच पालथी घातली होती.
पेपराच्या आठ घड्या करून, त्या खिडकीतून, पत्र्यावर.
पुढे कित्येक महिने वारा सुटला की
माझ्या पोटात गोळा यायचा.
बाबांच्या तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना
मी हात धुवायला म्हणून आत गेले होते
आणि टाचा उंचावून एकदा बघून घेतलं होतं.

खाली कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलं होतं.
रस्ता आमच्याच गाडीनं अडला होता.
शाल्मली खालून ओरडत होती, आई, ते काका चिडलेत.

'कागद होता का तिथं?'
'कसला कागद?'
'घडी घातलेला.'
विहंगनं बुटात पाय घालता घालता जरा विचार केला.
'मांजर बसली होती ना,' म्हणाला,
'तिच्याखाली असेल तर माहीत नाही.'

उतरताना मी त्याला सांगायला विसरले.
त्या पायरीवर ठेचकाळला.