फ्रिजवरचा तक्ता

तू पाठवलेला तक्ता फ्रिजवर लावलाय, मारिएता,
माशाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली.
मे महिना भरलेला, निळ्या पेनाने, वळणदार.
जूनमध्ये अक्षर घाईला आलं.
जुलै कोरा आहे.

चार खोल्या, आठ पलंग, सोळा चादरी.
शनिवारी सगळेच एकदम बदलतात.
नऊपर्यंत जुने निघतात, अकराला नवे दारात उभे,
मधल्या दोन तासांत जिना, गच्ची, दोरी,
पुन्हा जिना.
याचे किलोमीटर कुणी मोजत नाही.

पहाटे पाचला उठायचं, असं आपलं ठरलं होतं.
पाचला रस्ता गार असतो, अंजिराच्या पानांचा वास येतो,
पाइनमधले किरकिरे अजून सुरू झालेले नसतात.
हे मला मे महिन्यापासून ठाऊक आहे.
जुलैत पाच वाजता मला ठाऊक असतं ते एवढंच,
की तीन नंबरच्या खोलीतले रात्री दोनला परतले
आणि त्यांना किल्ली सापडली नाही.

बूट दारामागे आहेत. उजव्यात कोळ्याने घर केलंय.
हलवला नाही मी त्याला.
म्हटलं, या मोसमात आख्ख्या बेटावर
एकाला तरी फुकट जागा मिळाली.

तू फोनवर म्हणालीस, मनाचा निग्रह हवा.
स्प्लिटला तुझ्या ऑफिसात एसी आहे, मारिएता.
निग्रह माझ्याकडेही आहे,
तो इस्त्रीत खर्ची पडतो.

अकरा दिवस असे गेले.
बाराव्या दिवशी ब्रनोचं म्हातारं जोडपं
सात चाळीसच्या बोटीसाठी निघून गेलं,
आणि उशी झटकताना हाताला काहीतरी लागलं,
तांबूस, वालाच्या दाण्याएवढं:
कानाचं यंत्र.
बोट सुटायला चौदा मिनिटं.
गाडी घेऊन श्पिरो गेलेला, कलिंगडं आणायला.

तशीच निघाले. पायात सपाता, पोटावर एप्रन,
खिशात कपड्यांचे चिमटे खुळखुळतायत,
आणि मूठ आवळली की आतून
ते यंत्र बारीक शिट्टी घालतंय.
चर्चपाशी बरगडीत कळ आली.
बेकरीच्या दारातून यान्या ओरडली, कुठे आग लागली गं?
सपाता तिच्याच पायरीवर भिरकावल्या.
डांबर अजून तापायचं होतं.

आणि मग, खोटं नाही सांगत,
शेवटच्या वळणावर, जिथे समुद्र एकदम अंगावर येतो,
पाय मला न विचारता पळत होते.
दमही होता, तो मे महिन्यातला दम.
इतके दिवस कुठल्या कपाटात ठेवला होता त्याला,
कुणास ठाऊक. चादरींच्या मागे असेल.

बोटीचा दरवाजा अर्धा वर गेलेला.
खलाशाने एक शिवी हासडली आणि खाली घेतला.
मी हाका मारतेय, म्हातारा ढिम्म. ऐकणार कशाने?
शेवटी बायकोने यंत्र त्याच्या कानात बसवलं,
आणि त्याला पहिलं ऐकू आलं ते माझं धापा टाकणं.
हसला. म्हणाला, तुम्ही रोज धावता वाटतं.

मी हो म्हटलं.

परतताना चालत आले, बरंच लंगडत.
यान्याने सपाता पावांच्या फळीखाली जपून ठेवल्या होत्या,
वर एक गरम पाव दिला, पैसे घेतले नाहीत,
पण सगळं ऐकून घेतलं, दोनदा.

तक्त्यावर लिहिलंय, ये तेव्हा बघ:
शनिवार. दोन किलोमीटर तीनशे. अर्धं अनवाणी.
तुझ्या नियमात बसत नसेल तर खोड,
पण पेन माझ्याकडून माग. मी देणार नाही.

उद्या धावेन, असं म्हणत नाही.
उद्या ग्रात्सहून सहा जण येतायत,
कुत्र्यासकट.
कोळ्याला मात्र आज संध्याकाळी
तुळशीसारख्या वासाच्या त्या कुंडीत नेऊन सोडला.
तिथे माश्याही जास्त असतात.