लाईट येईस्तोवर

भिलवडीत गुरुवारी अकराला लाईट जाते.
पट्टा थांबतो, गिरणीत डबे रांगेला बसतात:
जोंधळा, गहू, कुणाची तरी थालीपिठाची भाजणी.
माणसं डब्यांच्या मागं.

मगदुमांचा सुकुमार सुट्टीवर आलेला, माझा मावसभाऊ.
आठ महिने बोटीवर, दोन महिने घरी,
आणि त्या दोन महिन्यांत हातांचं काय करावं
त्याला कळत नाही.
शालनकाकूंनी विचारलं, केवढी रं असती बोट?
तो उठला. म्हणाला, चला, दाखवतो.

एकोणीसच्या पुराची रेघ आहे भिंतीवर,
मीच मारलेली, लाल ऑइलपेंटनं,
माझ्या डोक्यापेक्षा हातभर वर.
सुकुमारनं टाच उचलून तिच्यावर बोट ठेवलं.
"हितवर समुद्र. आपण समदी आता पाण्याखाली."
दोघीतिघींनी उगाच वर बघितलं.

"वर बारा मजले. तिकडचं मला इचारू नका.
झुंबरं हायती म्हणं. पवायचा तलाव हाय.
समुद्रात तलाव कशाला, ते मलाबी कळलं न्हाई."

मग डबे सरकवत त्यानं गल्ली काढली,
नाकापासून शेपटापर्यंत, सरळ.
हितं चादरी, दिवसाला आठ हजार,
रोमेल नावाचा एक पोरगा त्या यंत्रात सारतो,
रात्री झोपेतसुद्धा त्याचे हात पुढं जातात.
हितं रिकाम्या बाटल्यांचा चुरा.
हितं बटाटे.
हितं फुलं, थंड खोलीत,
आणि शेजारी अजून एक थंड खोली, तीन कप्प्यांची.
तिथं काय?
"म्हातारी माणसं लई असत्यात बोटीवर."
एवढंच म्हणाला.
शालनकाकूंनी आपला डबा तिथनं उचलला,
बटाट्यांपाशी ठेवला.

आदाप्पा साखर कारखान्यातून रिटायर.
त्यांचा एकच सवाल: मळी कुठं सोडता?
सुकुमारनं टाक्या सांगितल्या, गाळण्या सांगितल्या,
शेवटी निघणारं पाणी किती नितळ, तेही.
आदाप्पा ऐकत राहिले, मिशीत हसले.
"कारखान्यानंबी आमाला असंच सांगितलं हुतं."

शेवटी तो माझ्या मोटरीपाशी उकिडवा बसला.
"आणि हितं मी."
खिडकी?
"न्हाई."
मग समुद्र बघतोस कुठनं?
"काटा असतोय की. इंजिन गार करायला
समुद्राचं पाणी आत घेतात, त्याचा.
एकोणतीस म्हंजी आपल्या अंगचा समुद्र.
आठवर आला की वळखायचं, बर्फाचा मुलूख.
वर लोक कोट घालून फोटो काढत असणार."

आठवड्यातून एकदा ते वरचे लोक
तिकीट काढून खाली येतात, यांना बघायला,
कानात बोळे घालून, काचेपलीकडनं.
तिकीट केवढं, विचारलं मी.
त्यानं माझ्या मोटरीकडं बघितलं.
"अशा दोन येतील."

एकदा एक बाई गटातून मागं राहिली.
बाहेरच्या गल्लीत गाठून म्हणाली, गाव कुठलं?
भिलवडी, म्हटलं. तिला काय कळणार.
समुद्र आहे का तिथं?
"मी म्हटलं, येतो कधी कधी."

गिरणीत कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.
सुकुमार तेवढा
रेघेकडं बघत खिशात फडकं शोधत होता.

आणि लाईट आली.
मी खटका दाबला, पट्टा फडफडला, सरळ झाला.
त्यानं मोटरीवर तळहात ठेवला, डोळे मिटले,
जसं वैद्य नाडीवर धरतात.
"चाकाकडचं बेअरिंग गेलंय. दिवाळी काढायचं न्हाई."
तू आपला बोटीवरचं बघ, म्हणालो मी.
(शनिवारी सांगलीहून नवं आणलं. ते वेगळं.)

रांग मोडली होती.
गहू गल्लीत, जोंधळा चादरींत,
भाजणी थंड खोलीच्या दारात, धनी कोण ते कळेना.
पहिला नंबर कुणाचा यावर भांडण लागलं,
लाल रेघेच्या खाली,
घसा फोडून, कारण मोटर चालू होती,
आणि सुकुमार मधोमध उभा राहून
ओरडत होता सगळ्यांना,
गल्ली मोकळी ठेवा, गल्ली मोकळी ठेवा.