किरकोळ

क्लबच्या वहीत सत्तावीस खाती आहेत.
गवत कापायचं यंत्र, भांडवल.
गोलची जाळी, भांडवल.
अध्यक्षांच्या खोलीतला एसी, तोही भांडवल.
आणि मुलींचा संघ
किरकोळ खर्चात,
खडू, फिनेल, चहापान यांच्या खाली.

मीच लिहितो. अक्षर माझंच आहे.
एकवीस वर्षं खडकीत हिशेब ठेवतोय.
फुटबॉल मला फारसा कळत नाही,
ऑफसाइड अजून शेजारच्याला विचारतो.
पण जमेची बाजू कळते, आणि नावेची.

मुली पहाटे साडेपाचला येतात,
कारण सातनंतर मैदान मुलांचं.
एस्तेर साळवे बोपोडीहून चालत,
सेल्वी रेंजहिल्सच्या क्वार्टरमधून,
तस्लीम बागवान काकांच्या टेम्पोत,
मार्केट यार्डातून आलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी.
तिनं पास दिला की चेंडूला वास येतो, असं
बाकीच्या म्हणतात.

एस्तेरच्या पाठीवर अजून मेंडोन्साचं नाव.
तो गेल्या हंगामात क्लब सोडून गेला,
जर्सी इथेच राहिली.
तिनं वर पांढरी चिकटपट्टी लावून
मार्करनं स्वतःचं नाव लिहिलंय.
घामानं पट्टी सुटते.
दुसऱ्या हाफला ती पुन्हा मेंडोन्सा होते.

परवा बैठक झाली.
अध्यक्ष म्हणाले, भावना समजतात हो,
पण परतावा काय?
कुणी म्हणालं, आठ मार्चला एक सामना ठेवू,
फेटे बांधू, फोटो काढू.
क्रीमरोलची बशी फिरली.
मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहीत होतो.
हिशेबनिसाला कुणी विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं
की मुलांचा संघ नऊ वर्षं तोट्यात आहे,
आणि त्या तोट्याला आपण
परंपरा म्हणतो.

खरं सांगायचं तर
पैसे परत येतील का, मलाही माहीत नाही.
दापोडीच्या संघाविरुद्ध सामना होता तेव्हा
मी माणसं मोजली, सवयच ती.
त्रेसष्ट.
त्यात अकरा नातेवाईक, एक चणेवाला, एक मी.
अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला सेल्वीनं
कोपऱ्याकडून, पडता पडता,
चेंडू असा काही आत घातला
की चणेवाल्याच्या हातातली पुडी सुटली.
चणे पायरीपायरीनं खाली गेले.
नुकसान किती, मी विचारलं नाही.
तोही हसत होता.

एसीवर मी दरवर्षी घसारा धरतो.
सेल्वी दरवर्षी आणखी वेगानं पळते,
त्याला आमच्या पद्धतीत शब्द नाही.
गुंतवणूक हा शब्द मात्र रोज लिहितो.
त्यात कुणीतरी गुंतावं लागतं
हे एवढ्या वर्षांत
कानावर पडलंच नव्हतं.
आम्ही म्हणतो, गर्दी होऊ दे, मग दिवे लावू.
अंधारात कोण येणार,
हे इतिवृत्तात येत नाही.

एकतीस मार्चच्या रात्री
कार्यालयात मी आणि एक पाल.
नवं पान उघडलं.
वर लिहिलं, मुलींचा संघ.
त्याखाली, भांडवल.
पहिली नोंद, अठरा जर्स्या, पाठीवर नावं छापून.
मंजुरी नाही. ऑडिटर विचारतील.
पेन्सिलीनं लिहिलंय, तेही कबूल करतो.
एवढंच धाडस होतं माझ्याकडे.

वही मिटली तेव्हा उजाडत होतं.
कारखान्याचा भोंगा व्हायचा होता,
मैदानावरून तस्लीमची हाक आली,
मेंडोन्सा, इकडे दे!
आणि एस्तेरनं दिला.